दोन्ही स्पंज एकाच दिवशी

मामा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या वापरातलं एक भांडंसुद्धा आता घरात उरलं नाही, तरी तुम्हाला लिहायला बसले आणि पदर आपोआप डोक्यावर घेतला गेला. तुम्ही होता तेव्हा सून सासऱ्याशी बोलायची ते दाराआडून, पाणी काढलंय, ताट वाढलंय, एवढंच. माझ्याशी समोर उभं राहून तुम्ही बोललात ते फक्त माशांच्या पेटीपाशी. त्या पेटीबद्दलच तुम्हाला खरं सांगायला बसले आहे. तुम्ही एकदा मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर खोटं दिलं होतं. घाबरून दिलं होतं. तेव्हा वाटलं, ही भीती चार दिवसांची आहे, निघून जाईल. ती गेली नाही. माझ्याबरोबर म्हातारी झाली, आणि गेल्या महिन्यापासून तर पुन्हा तरणी होऊन छातीवर बसली आहे.

मी लग्न होऊन उमरग्याला आले त्याच्या तिसऱ्या वर्षी तुम्ही हायस्कुलातून रिटायर झालात. निरोपाला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं होतं. तुम्ही म्हणालात, शाली माझ्याकडं तीन आहेत, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पडलेली ती काचेची पेटी द्या. एका कोपऱ्यातून गळणारी पेटी हातगाड्यावर घालून तुम्ही घरी आणलीत, काचेला लावायची लांबी भरून गळती बंद केलीत आणि मधल्या घरात देवघराच्या भिंतीला लागून टेबलावर मांडलीत. हैदराबादकडून येणाऱ्या ट्रकवर तुमचा एक जुना विद्यार्थी ड्रायव्हर होता, त्यानं पाण्यानं भरलेल्या पिशवीत मासे आणून दिले. काही काळे, काही केशरी, आणि चार मोठे, नऊवारीच्या घोळासारख्या शेपटीचे. बाहेर दुष्काळ. आडाचा तळ दिसत होता, टँकर आला की गल्लीत घागरींची रांग लागायची आणि रांगेत भांडणं. अशात मास्तरांनी मासे पाळले म्हणून लोकांनी लई चेष्टा केली. शेजारचे दूध सोसायटीचे सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, माशांचं पण रेशनकार्ड काढा की." तुम्ही म्हणालात, "काढलं असतं, पण ते रॉकेल घेत न्हाईत." मी दाराआड पदराचा बोळा तोंडात धरून हसले. पाणी तुम्ही वाया जाऊ देत नव्हता हे मलाच ठाऊक होतं. आठवड्याला दोन कळशा जुनं पाणी काढायचं, ते तुळशीला आणि परसातल्या वांग्याला. तेवढंच नवं घालायचं, तेही एक दिवस उन्हात उघडं ठेवून, टँकरातल्या पावडरीचा वास उडून गेल्यावर.

मला त्या पेटीची भीतीच वाटायची. माझ्या माहेरी तेव्हा लाईट आली नव्हती, आणि इथं तुम्ही पाण्यात वीज सोडत होता. मोठ्या परीक्षानळीत वाळू भरून, मोडक्या इस्त्रीची तार आत बसवून तुम्ही हिवाळ्यासाठी हीटर केलात. एक नाही, दोन. बटणं भिंतीवर शेजारी शेजारी. जवळून जाताना मी साडी आवरून जायची. एकदा धीर करून विचारलं, दोन कशाला. तुम्ही म्हणालात, "एकच मोठा केला अन् तो बंद पडला तर मासे गारठून मरतेत. बंदच झाला न्हाई तर शिजतेत. दोन लहान असले की एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. दोन्ही चालू राहिले तरी मासे नुसते घाबरतेत." घाबरतेत म्हणताना तुम्ही माझ्याकडं पाहून हसलात.

फिल्टरही दोन. साबणाच्या डबीला भोकं पाडून आत स्पंज, स्पंजाखाली कोळसा. हवेचा छोटा पंप दिवसभर घुरघुरायचा, डबीतून बुडबुडे वर जायचे आणि त्यांच्या ओढीनं पाणी स्पंजातून गाळलं जायचं. मी म्हणाले, दुसरा कपाटात ठेवू या, पहिला खराब झाला की काढू. नवी वस्तू लगेच वापरात काढायची नाही, ही माझी सवय. तुम्ही मान हलवलीत. कपाटातला कोरडा स्पंज कामाचा नाही म्हणालात, माशांची घाण खाणारे बारीक जीव स्पंजात वस्तीला यायला महिना लागतो, म्हणून दोन्ही पाण्यातच चालते पाहिजेत. हे मी ऐकलं, समजलं नाही. पहिल्यांदा स्पंज धुवायची वेळ आली तेव्हा मी तो राखेनं घासून, खळबळून, पांढरा करून तुमच्यापुढं धरला. शाबासकी मिळेल वाटलं होतं. "हे भांडं न्हाई, पोरी. ही वस्ती हाय," तुम्ही म्हणालात, "पेटीतल्याच पाण्यात नुसता पिळायचा. अन् दोन्ही एका दिवशी कधीच न्हाई. एक आज, दुसरा पंधरा दिवसांनी." तुमचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्या दिवशी माझ्या हातून तव्यावर दोन भाकरी करपल्या. मासे वाचले ते दुसरा स्पंज न धुतलेला होता म्हणून.

आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच एक वही आणून दिलीत, रकाने आखलेली. तारीख, पाण्याची ऊब, किती पाणी काढलं, किती घातलं, कोणता स्पंज पिळला. म्हणालात, तू मॅट्रिक झालेली आहेस, आजपासून पेटी तुझ्याकडं. त्या घरात माझं म्हणून कुणी काही दिलं ते पहिल्यांदा. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती, मूल नव्हतं, आणि हळदी-कुंकवाला आलेली बाई आधी माझ्या पोटाकडं बघायची, मग तोंडाकडं. वही हातात घेताना आनंद झाला, पण धाक जास्त वाटला. दिलेली वस्तू परत मागून घेता येते, हे मला कळत होतं.

त्या पौषातली एक सकाळ अजून डोळ्यांपुढं आहे. तुम्ही पेन्शनच्या कामाला गेला आहात, हे सोसायटीत गेले आहेत, आणि लाईट जाते. पंपाची घुरघुर थांबते आणि घर एकदम मुकं होतं. बाहेर आभाळ भरलेलं, ऊन नाही, वारा असा की हाताची बोटं मिटत नाहीत. घटकाभरात मासे वर येऊन पाण्याच्या काठाशी तोंडं उघडायला लागतात. तुम्ही याचीही तजवीज करून ठेवली होती, पण ती वापरायची पाळी माझ्यावर एकटीवर आली नव्हती. ट्रकची जुनी ट्यूब, हवा भरून खिळ्याला टांगलेली, तिला दवाखान्यातून आणलेली सलाईनची नळी. नळीचा चिमटा सैल केला की पाण्यात बुडबुडे सुटायचे. सलाईनच्या काचेच्या रिकाम्या बाटल्यांत चुलीवरचं पाणी भरून, बुचं घट्ट बसवून त्या मी पेटीत सोडल्या. निवल्या की काढायच्या, दुसऱ्या सोडायच्या. तोंडानं तुळजाभवानीचं नाव चालू. जीव गेला तर पाप माझ्या माथ्यावर, हे एक, आणि तुम्ही आल्यावर काय म्हणाल, हे दुसरं. खरं सांगायचं तर दुसऱ्याचीच भीती मोठी होती. तिसऱ्या प्रहरी लाईट आली. दिवेलागणीला तुम्ही आलात, वही वाचलीत, पेटीकडं पाहिलंत आणि म्हणालात, मी असतो तरी याहून जास्त काही केलं नसतं. एवढं एक वाक्य मी कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरलं.

मग पुढच्या वर्षीची येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आली. शिवारात काही नव्हतं, करडई टीचभर उभी होती, भज्जीला लागणाऱ्या शेंगा-भाज्यासुद्धा बाजारातून आणल्या, पण येळवसेला शेतात जायचं ते जायचंच. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. आदल्या दिवशी तुम्ही आणि हे शेतात सावलीला कडब्याची कोप उभी करायला आणि पाच पांडवांच्या दगडांना चुना द्यायला गेला होता. घरी तुमची थोरली लेक, आमच्या आक्का, पोरांना घेऊन आल्या होत्या. मधल्या घरात मी अंबिलीचा घट मांडला होता, देवघराजवळ, म्हणजे पेटीच्याही जवळच. आक्कांनी नाक मुरडलं. "देवाच्या अंबिलीशेजारी हा शेवाळाचा वास? तुझ्या माहेरी चालत असंल." उद्या संध्याकाळी त्यांच्या सासूबाई आपल्याकडं येणार होत्या, त्यांच्या नाकात हा वास गेला तर गावभर होईल, असंही म्हणाल्या. मी घट उचलून स्वयंपाकघरात नेला. वास मलाही येत होता. सोवळ्याच्या स्वयंपाकाच्या दिवशी तो जास्तच येतो.

सकाळी तुम्ही अंधूक उजेडातच पुढं चालत गेलात. जायच्या आधी तुम्ही पेटीशी थांबलात, थंडी फार होती म्हणून दोन्ही हीटरची बटणं दाबलीत, ते मी चुलीपासून पाहिलं. बाजरीचे उंडे बांधून झाले, गाडी दारात आली, आक्का पोरांना स्वेटर चढवत होत्या. मला वाटलं, एक स्पंज काढून चटकन धुते, निम्मा वास तरी जाईल. आणि पेटीतलं पाणी काढून त्यात पिळत बसायला वेळ नव्हता. मोरीत टँकरच्या पाण्याची बादली होती, शेजारी धुण्याचा सोडा. मी सोडा टाकून स्पंज चोळला. तो पांढरा झाला. पांढरा झालेला डबीत बसवला आणि दुसऱ्याची घाण डोळ्याला खुपायला लागली. एक पांढरा आणि एक काळा, शेजारी शेजारी. तुमचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही, मामा. वस्ती हाय म्हणालेलं, पंधरा दिवसांनी म्हणालेलं, सगळं आठवलं. बाहेरून आक्का म्हणाल्या, झालं का गं, आणि मी दुसराही काढला. नीट खळबळलासुद्धा नाही. दोन्ही बसवले, पंप चालू केला, आणि सवयीनं वहीत लिहिलं, दोन्ही स्पंज सोड्याने धुतले. मग हात पुसून गाडीत बसले.

दिवसभर कोपीत मी सगळ्यांना वाढत होते. तुम्ही आक्कांच्या पोरांना पांडवांना नैवेद्य दाखवायला शिकवत होता. मी मनात म्हणत होते, काही होणार नाही. मग म्हणत होते, जाऊन आल्यावर पाणी बदलू. दिवस मावळायला घरी आलो तर लाईट नव्हती. शेजारी कळलं, दुपारीच गेली होती. कंदील घेऊन तुम्ही सगळ्यांच्या आधी पेटीपाशी गेलात. मी उंबऱ्यातच थांबले. तुमच्या पाठीवरूनच मला कळलं. सगळे मासे वर आले होते, आडवे, आणि ते घोळदार शेपटीचे चार एका कोपऱ्यात एकावर एक.

तुम्ही पाण्यात हात घातलात. पाणी गार होतं, त्यानं काहीच कळणार नव्हतं. कंदील भिंतीकडं नेलात. दोन्ही बटणं खाली दाबलेली. मग वळून मला विचारलंत, "पोरी, सकाळी पाण्याला कुणी हात लावला होता का?"

आक्का माझ्या शेजारी होत्या. त्यांनी मला मोरीत पाहिलं होतं की नाही ते मला आजही ठाऊक नाही. हे गाडी सोडत होते. मी म्हणाले, "नाही, मामा."

"मग माझ्याच हातून झालं," तुम्ही म्हणालात. "लाईट जायच्या आधीच पाणी तापलं असणार. एक बंद करून जायचं होतं. ध्यानात राहिलं न्हाई."

वही पेटीच्या शेजारीच होती. उघडली असती तर माझ्याच अक्षरात सापडलं असतं. तुम्ही उघडली नाहीत. मी नाही म्हटल्यावर ती उघडायची गरज तुम्हाला वाटली नाही. दुसऱ्या दिवशी मी ते पान फाडून चुलीत घातलं.

दोन्ही चालू राहिले तरी मासे नुसते घाबरतात, हे तुमचंच बोलणं होतं. पण तुम्ही ते विसरलात, किंवा त्यावरचा तुमचा विश्वास उडाला. आक्का त्याच संध्याकाळी म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या ध्यानात ऱ्हात न्हाई आता. इजेच्या वस्तूंना हात लावत जाऊ नका." त्या काळजीनंच बोलल्या. ह्यांनी मान डोलावली. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा स्टार्टर, लोकांचे रेडिओ, विहिरीवरची मोटार, सगळं तुमच्याकडं यायचं. तुम्ही एकेकाला नको म्हणायला लागलात. आता हात थरथरतो, भरवसा नाही. हात आधी थरथरत नव्हता, मामा. मी रोज तुमच्या हातात चहाचा कप देत होते, मला माहीत आहे. पेटी तुम्ही शाळेला परत दिलीत. मग एक दिवस दिवेलागणीला स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन तुम्ही मला विचारलंत, लाईट लावू का. स्वतःच्या घरात, सुनेला. मी हो म्हणाले. त्यानंतर रोज विचारायला लागलात.

सांगायला दोन वर्षं होती माझ्याकडं. त्यात माझा मुलगा झाला, घरात माझी जागा पक्की झाली, तशी भीती कमी व्हायला हवी होती. झाली उलट. आता गमवायला जास्त होतं. तुमच्या शेवटच्या दुखण्यात एकदा पेज भरवताना मी सुरुवात केली, मामा, त्या येळवसेला. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, जाऊ दे ते, माझ्या हातून चूक झाली. मी पुढचा चमचा तुमच्या तोंडाशी नेला. त्यानंतर आजतागायत मी येळवसेला अंबील तोंडाला लावली नाही. कुणी विचारलं तर सांगते, सोसत नाही. देवीपुढं रोज बसते, पण हे तिलाही शब्दांत सांगितलेलं नाही. देवाला आपोआप कळतं म्हणतात, तेवढ्यावरच निभावलं.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. दुपारी मी देवापाशी पोथी वाचत बसले होते. सून कामावरून आली आणि धावत स्वयंपाकघरात गेली. गॅस चालू होता, दूध आटून पातेलं काळं पडलं होतं, घरभर वास. ती म्हणाली, आई, बंद करायचं राहिलं वाटतं तुमच्याकडून. मला दूध ठेवल्याचं आठवत नाही. ती जायच्या आधी तिनं ठेवलं असेल का, असं मनात आलं. नातूही कॉलेजला जायच्या आधी स्वयंपाकघरात येऊन गेला होता. पण सगळे इतक्या मायेनं बोलतात की विचारायचं धाडस होत नाही. असू द्या आई, होतं वयानं. लायटर आता वरच्या फळीवर गेला आहे, माझा हात पोचत नाही तिथं. चहा हवा असला की मी सांगते आणि थांबते.

मी सुनेच्या तोंडाकडं बघत राहते. तिच्या डोळ्यांत काही दिसतं का ते शोधते. पोरगी चांगली आहे, माझं औषधपाणी वेळेवर करते, पण चांगली तर मीही होते. तुमचं सगळं मी वेळेवर केलं. कधी वाटतं, चूक तिचीच आहे आणि ती घाबरून गप्प आहे. तसं असेल तर मी तिला ओळखते. कधी वाटतं, चूक खरंच माझी आहे आणि ही फक्त सुरुवात आहे. यातलं कोणतं बरं, ते ठरवता येत नाही. तुम्हालाही असं वाटत असेल का, ते उरलेले सगळे दिवस? खाटेवर बसून तुम्ही तळहात उलटे-सुलटे करून बघायचा. मला वाटायचं, हात दुखत असेल.

हे पत्र धाडायला ठिकाण नाही. देवघरात ठेवलं तर कुणाच्या तरी हाती लागेल, म्हणून वाचून झालं की फाडून टाकीन. वर मी लिहिलं की तुम्हाला खरं सांगायला बसले. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. त्या दिवसाचं सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं सगळं ओळीनं आठवतं का, हे मला बघायचं होतं. आठवलं. लिहून संपवल्यावर तुमच्यासाठी वाईट वाटायच्या आधी मला त्याचंच हायसं वाटलं.